पहिलं घर वर असतं

आमच्या मराठी मंडळात ओळख करून देण्याची एक ठरलेली पद्धत होती. आधी आडनाव, मग हॉस्पिटल किंवा कंपनी, मग घर कुठल्या सबर्बात. माझ्यापाशी आलं की गाडी अडखळायची. "हे डॉक्टर सुषमाचे मिस्टर," इथवर ठीक जायचं. मग सांगणारा आवाज जरा खाली आणून म्हणायचा, "हे लायब्ररीत पुस्तकं चिकटवतात." समोरचा "हो का, व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणून लगेच सुषमाकडे वळायचा आणि आपल्या सासूच्या बायॉप्सीबद्दल विचारायचा.

या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे 'करिअरचा प्रवास' मागितला होता. माझा प्रवास पार्किंग लॉटपासून तळघरापर्यंतचा, रोजचा तोच. तेव्हा तो राहू दे. १९८०नंतरच्या त्या पाचसहा वर्षांत ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या तळघरात मी एक वीतभर चौकोनी कागद चिकटवला होता, त्याची गोष्ट सांगतो. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही. त्यांनी मला निवृत्तीच्या दिवशी केक दिला होता.

काम समजायला अगदी सोपं. जुनं पुस्तक येतं. शिलाई तुटलेली, पानं सुटी, कागद किड्यांनी खाल्लेला. ते उसवायचं, पानं साफ करायची, भोकं बुजवायची, परत शिवायचं. भोकांना जपानी कागद आणि चिकटवायला गव्हाची खळ. नियम दोनच. एक, आज जे चिकटवाल ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे. म्हणून खळ, कारण ती पाण्याचा हात लावला की सुटते. दोन, जे कराल ते कार्डावर लिहायचं, चूकसुद्धा.

मी हे शिकलो सांगलीत, बाबांच्या बायंडिंगच्या दुकानात. ते खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. शाळांचे हजेरीपट यायचे, आणि वर्षाच्या शेवटी पंचांगं. दहाव्या वर्षी मी पंचांगांना टाके घालत होतो आणि घालता घालता वाचत होतो. त्यामुळे राशी, नक्षत्रं, पत्रिकेतली बारा घरं मला पाढ्यांसारखी पाठ होती. पुढे अमेरिकेत याच कामाचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि बायंडरचा 'कॉन्झर्व्हेटर' झालो. बाबांना पत्रातून समजावून सांगितलं तर त्यांनी उलट लिहिलं, "म्हणजे बायंडरच ना?" मंडळातले लोकही तेच म्हणायचे. फरक इतकाच की बाबा ते अभिमानानं म्हणायचे.

पंचांगाचा हा वास मंडळाला कसा लागला कोण जाणे. आमचे अध्यक्ष डॉ. देवधर, मोठे हृदयरोगतज्ज्ञ. स्टेजवर उभे राहिले की "वुई आर मेन ऑफ सायन्स" हे वाक्य आल्याशिवाय खाली बसायचे नाहीत. एके दिवशी लंच अवरमध्ये ते तळघरात उतरले. हातात हॉस्पिटलचं पाकीट, त्यात मुलीची पत्रिका, घड्यांवर फाटलेली.

"मला यात बिलीफ नाही हां," ते दार लोटत म्हणाले. "पण हिच्या आईचं समाधान. ह्यूस्टनचं एक स्थळ आहे. ही जरा लॅमिनेट करून द्याल?"

"लॅमिनेशन परत काढता येत नाही, डॉक्टर. मी जपानी कागदानं जोडून देतो."

"काढायचंय कुणाला? लग्न जमवायचंय!" मग दाराकडे एक नजर टाकून, "आणि सहज बघा हो, मंगळ कुठे बसलाय."

मी बघितला. चौथ्यात होता. डॉक्टरांचा चेहरा असा पडला की त्यांचाच ईसीजी काढावा. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात गेलं आणि ते वर गेले, मेन ऑफ सायन्सच्या मीटिंगला. पण तेव्हापासून मी मंडळाचा गुप्त ज्योतिषी झालो. महिन्याला एकदोन इंजिनिअर तळघरात उतरू लागले. सगळे आधी "मला बिलीफ नाही" म्हणायचे आणि मग पाकीट काढायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करतो. चारचौघांत चिकटवणारा असलो तरी तळघरात माझ्या शब्दाला वजन होतं.

त्याच सुमारास ते पुस्तक आलं. एका जुन्या घराण्यानं माळा आवरताना युनिव्हर्सिटीला देऊन टाकलेलं. पाचेकशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्याशा गावातल्या एका विद्वानानं स्वतःसाठी, स्वतःच्या हातानं केलेलं. ज्योतिष आणि खगोलाचं जे जे हाती लागलं ते त्यानं उतरवून काढलं होतं: ग्रहांची कोष्टकं, ग्रहणांची गणितं, चंद्र कुठल्या राशीत असताना रक्त काढावं, केस कापावेत, घोडा विकत घ्यावा. कागद मिळेल तो, लहानमोठा. शेवटी सगळं गोळा करून, दोन लाकडी फळ्यांमध्ये त्यानंच शिवलेलं. त्याची शिलाई बघून बाबांनी त्याच्या कानाखाली काढली असती. त्याचं लॅटिन नाव माझ्या जिभेला वळत नव्हतं, म्हणून मी त्याला पंतोजी म्हणायचो.

मला पंतोजी आवडायचा. एका ग्रहणाच्या गणितात त्यानं सबंध पान भरून टाकलं होतं, आकडेमोड, खाडाखोड, पुन्हा आकडेमोड. शेजारी समासात बारीक अक्षरात दोन शब्द. आमच्या दुर्मीळ ग्रंथ विभागाच्या प्रमुख मिस हॉलिस, सडपातळ, साठीच्या, लॅटिन पाण्यासारखं वाचणाऱ्या. त्यांनी भिंग लावून सांगितलं, "म्हणतोय, ढग होते. दिसलं नाही."

इतकं गणित करून शेवटी 'दिसलं नाही' हे कुणी न विचारता लिहून ठेवणारा माणूस मी आमच्या युनिव्हर्सिटीत तरी पाहिला नव्हता.

पुस्तकाबरोबर एक लिफाफा होता, आणि त्यात तो चौकोनी कागद. पंतोजीची स्वतःची पत्रिका. पूर्वी ती पहिल्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती; तिथे तिचा चौकोनी डाग स्पष्ट दिसत होता. मला गंमत वाटली, कारण आकृती जवळजवळ आपल्या पत्रिकेसारखीच. चौकोन, त्यात तिरका चौकोन, बारा घरं. फक्त मधोमध नाव लिहायला आणखी एक चौकोन, आणि नेमका तोच किड्यांनी खाल्लेला. पंतोजीनं कागद फिरवत फिरवत प्रत्येक घरात काठाकडे तोंड करून लिहिलं होतं, त्यामुळे कागदाची वरची बाजू कुठली हे कळायला मार्ग नाही. घरांना आकडे मात्र घातलेले होते.

मी आधी कागदाची भोकं बुजवली, नीट, सुबक. मग चौकोनी डागाशी धरला. चार बाजू, चार शक्यता.

"कुठली बाजू वर?" मिस हॉलिसनी विचारलं.

"पहिलं घर वर," मी म्हणालो. "ऑब्व्हियसली."

"तुला यातलं कळतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी खळ लावली, हाडाच्या पट्टीनं कागद बसवला, कार्डावर 'पत्रिका पुन्हा चिकटवली' असं लिहिलं आणि घरी गेलो. इतकी खात्री मला आयुष्यात दुसऱ्या कशाची नव्हती.

वसंतात प्रोफेसर व्हिटकम आले. हे इतिहासाचे. माणूस असा की फोटोकॉपी मशीनशीसुद्धा व्याख्यानाच्या सुरात बोलायचा. त्यांनी फळी उघडली, पत्रिका बघितली आणि एकदम उभे राहिले. युरोपातल्या त्या काळच्या पत्रिकेत पहिलं घर डावीकडे असतं, म्हणे. वर असतं दहावं. मग इथे पहिलं घर वर कसं?

त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या देशात पहिलं घर कुठे असतं?"

"वर," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडून एक आकृती काढून घेतली आणि त्यावर माझी सही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण एवढा मोठा प्रोफेसर माझी सही घेतोय, या आनंदात मी सही जरा मोठीच केली.

दोन महिन्यांत व्हिटकमसाहेबांचा सिद्धान्त तयार झाला: एका जर्मन विद्वानाच्या हाती, बहुधा व्यापाऱ्यांमार्फत, हिंदुस्थानी पत्रिकेची पद्धत आली होती. त्यांनी युनिव्हर्सिटीत त्यावर एक भाषण दिलं, लेख लिहायला घेतला, आणि शरद ऋतूत पुस्तकाचं प्रदर्शन ठरलं. भाषणाला आमचे डॉ. देवधर पहिल्या रांगेत होते. संपल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बघितलंत? जगाला आपणच सगळं शिकवलं. आणि पुरावा कुणी जोडला? आपल्या माणसानं!" गणेशोत्सवात माझा सत्कार जाहीर झाला.

लायब्ररीतही वारं बदललं होतं. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. त्या ऑक्टोबरात ती कायम होणार असं मिस हॉलिसनी सुचवलं होतं.

सत्कार शनिवारी. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी प्रदर्शनासाठी पुस्तकाचं स्टँड करत होतो. पुस्तक किती कोनात उघडावं ते बघायला फळी वर उचलली आणि दिवा आडवा धरला. फळीला किड्यांची भोकं होती. समोरच्या पहिल्या पानालाही, अगदी त्याच जागी. साहजिकच आहे. किडा भोक पाडत सरळ जातो. फळीतून निघाला की मधे येईल तो कागद, मग पहिलं पान. म्हणजे मधल्या पत्रिकेलाही भोकं त्याच जागी हवीत.

मी बुजवलेल्या जागा दिव्यासमोर फिकट दिसत होत्या. मधलं नावाचं भोक कसंही फिरवलं तरी मधेच; पण काठाकडच्या पाचांतली एकही जुळत नव्हती. मी मनातल्या मनात कागद पाव वळसा डावीकडे फिरवला. पाचही जुळल्या. पहिलं घर डावीकडे गेलं, जिथे पंतोजीनं ठेवलं होतं.

मी खुर्चीवर बसलो. व्यापारी नव्हते, हिंदुस्थानी पद्धत नव्हती. सांगलीचा एक शहाणा होता, ज्यानं आधी भोकं बुजवली आणि मग अक्कल पाजळली. नवशिक्यालासुद्धा सांगतात, भोकं आधी जुळवायची. पण नवशिक्याला पत्रिकेतलं कळत नसतं ना.

मिस हॉलिस सोमवारपर्यंत रजेवर होत्या. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी सुषमाला सगळं सांगितलं. ती पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर स्लाइड बघून कुणाला कॅन्सर आहे नि कुणाला नाही ते लिहिणारी.

"माझा रिपोर्ट चुकला तर मी काय करते?" ती म्हणाली. "त्याच दिवशी फोन आणि अमेंडेड रिपोर्ट."

"अगं, तुझा पेशंट जिवंत असतो. माझा पाचशे वर्षांपूर्वी मेलाय."

"मग घाबरतोयस कुणाला?"

मी कांदा चिरत राहिलो. कुणाला ते तिलाही माहीत होतं.

आता आमच्या गणपतीबद्दल. जगाला मुहूर्त शिकवणाऱ्या आमच्या मंडळात गणपती चतुर्थीला बसत नसे. शाळेचा कॅफेटेरिया ज्या शनिवारी रिकामा मिळेल त्या शनिवारी सकाळी दहाला बसायचा आणि जॅनिटरला पाचला घरी जायचं असल्यामुळे साडेचारला उठायचा. त्या वर्षी चतुर्थी होऊन नऊ दिवस झाले होते. त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं. थर्मोकोलचं मखर, मागे भिंतीवर आठवड्याच्या लंचचा मेनू, आणि पुढे माइकवर डॉ. देवधर.

"आजवर आपण यांना काय म्हणत होतो? पुस्तकं चिकटवणारे!" हशा. "आज मी म्हणतो, हे दोन संस्कृती जोडणारे आहेत!" टाळ्या. शाल, श्रीफळ. श्रीफळ ग्रोसरीतलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. माझ्या हातात माइक आला.

समोर दीडएकशे माणसं होती. याच लोकांनी मला दहा वर्षं सुषमाचे मिस्टर म्हटलं होतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि खरं सांगतो, छान वाटत होतं. बाबांनी हे बघायला हवं होतं, असंही मनात आलं. 'ती मी चुकीची चिकटवली' हे चार शब्द तोंडात तयार होते. मी म्हणालो, "याचं श्रेय प्रोफेसरांना आणि मिस हॉलिसना." आणि खाली बसलो. सुषमा टाळ्या वाजवत नव्हती. तिच्याशी नजर न मिळवता मी दोन मोदक खाल्ले. जाताना तीन जणांनी पत्रिका दाखवायला कधी येऊ म्हणून विचारलं.

सोमवारी सकाळी आठला मी मिस हॉलिसच्या दारात उभा होतो. कोटसुद्धा काढू न देता त्यांना तळघरात नेलं, दिवा आडवा धरला. त्यांनी भोकं बघितली, पत्रिका बघितली, मग मला.

"काढता येईल ना?"

"खळ आहे. येईल."

"मग काढ. आणि कार्डावर लिही."

व्हिटकमसाहेब अकराला आले. पाच मिनिटं भिंगातून बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "असंही शक्य आहे, की आधी पत्रिका अशीच होती, पुढे कुणीतरी ती फिरवली, आणि त्यानंतर किडा लागला?"

"शक्य आहे," मिस हॉलिस म्हणाल्या. "पण त्या किड्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. तुम्हाला आहे."

लेख बाहेर पडला नाही. प्रोफेसर पुढे दुसऱ्या विषयात मोठे झाले. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, जिन्यात भेटलो तरी भिंत बघत जायचे. माझी नोकरी कायम व्हायला आणखी दोन वर्षं लागली. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दुपारी मी ओल्या टिपकागदानं पत्रिका सोडवली, पाव वळसा फिरवली, भोकं जुळवली, बसवली. मग कार्ड घेतलं. आधी अर्धं कार्ड भरून कारणं लिहिली: लिफाफा, किड्यांनी खाल्लेलं नाव, काठाकडे तोंड केलेली अक्षरं. वाचून मला माझीच लाज वाटली. समासात दोन शब्द लिहून मोकळा झालेला पंतोजी समोरच होता. मी नवं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'पहिलं घर वर असतं असं धरून चिकटवलं होतं. इथे नसतं.' खाली सही. या वेळी लहान.

डॉ. देवधरांना मी फोन केला. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे बघा, एवढं डिटेलमध्ये कशाला जायचं? लोकांना आनंद झालाय." मंडळाच्या वार्षिक अंकात माझा शालीतला फोटो छापून आला, खाली मजकूर जुनाच. मी दुरुस्ती पाठवली. ती 'जागेअभावी' राहिली. त्यांच्या मुलीनं पुढे कॉलेजातल्या एका गोऱ्या मुलाशी लग्न केलं आणि त्याला पत्रिकाच नव्हती, तेवढंच मला समाधान.

पण दोष त्यांना कशाला देऊ. ते चार शब्द त्या शनिवारी, त्या माइकवर बोललो असतो तर दीडशे माणसं थोडी नाराज होऊन जेवायला गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी सोमवारी बोललो, तळघरात, दोन माणसांसमोर. लायब्ररीतली चूक दुरुस्त झाली. कॅफेटेरियातली तशीच बाहेर पडली, ती अजून फिरतेय.

आता आम्ही ओहायो सोडून दक्षिणेतल्या अल्फारेटात राहतो. आजूबाजूला सगळी सॉफ्टवेअरची मंडळी. शेजारचा निखिल रेडमंडहून बदलून आलेला, गुणी मुलगा, आम्हाला काका-काकू म्हणतो. गेल्या दिवाळीत फराळाला आला आणि चकली खाता खाता फोन माझ्यासमोर धरला.

"काका, हे बघा ना. माइंड-ब्लोइंग आहे यार."

फोनवर लिहिलं होतं की पाचशे वर्षांपूर्वीचे जर्मन शास्त्रज्ञ भारतीय कुंडली वापरत, त्याचा पुरावा अमेरिकेतल्या एका लायब्ररीत एका मराठी संशोधकाला सापडला, पण पाश्चात्त्यांनी तो दडपला. खाली हात जोडलेली चित्रं, दहाबारा.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"काका, नो ऑफेन्स, पण तुम्ही हिस्टोरियन होता का?"

"नाही. मी चिकटवणारा. तो कागद मीच चुकीचा चिकटवला होता."

निखिलनं चकली खाली ठेवली. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे ते मराठी संशोधक तुम्ही? ओ माय गॉड, काका!" आणि सेल्फीसाठी त्यानं फोन वर धरला.

सुषमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. मग निखिलचा फोन हातानं खाली केला.

"फोटो मागाहून. आधी बस. पत्रिकेत पहिलं घर कुठे असतं, सांग बघू."

"वर," तो म्हणाला. "ऑब्व्हियसली, काका."

"मीही हेच म्हणालो होतो," मी म्हणालो.